मदत हवी आहे: जुनी फियाट ॲडव्हेंचर (१.६ पेट्रोल) घेण्याआधी

भाऊहो, यवतमाळकडच्या खेड्यात ही वॅगन पाहिली. तुरीची पोती अन् फवारणी पंप मागे आरामात बसतात, म्हणून मन त्याच गाडीवर आहे. १५ वर्षं उलटलीत, पण पासिंगचं नूतनीकरण झालेलं आहे.

अडचण तापण्याची. उभ्या गाडीत २० मिनिटांत काटा अर्ध्याच्या वर जातो, रेडिएटरचा पंखा लागत नाही. पाणी तापलं की पंखा लावणाऱ्या स्विचचा प्लग काढून वायरी जोडल्या की पंखा फिरतो, म्हणजे मोटर, फ्यूज ठीक. काटा चढतो तेव्हा रेडिएटरचा वरचा पाईप हात न लावण्याइतका गरम, खालचा मात्र कोमट. गरम पाणी स्विचपर्यंत पोचतच नसेल, तर नुसता स्विच बदलून काय उपयोग? ऑइलच्या झाकणाखाली पांढरा फेस (ऑइलात पाणी मिसळल्याची खूण) नाही, पांढरा धूरही नाही. थंड इंजिनचं रेडिएटर उघडलं तर पाणी गंजाच्या रंगाचं, कूलंट नाहीच.

सस्पेन्शनच्या खालच्या आर्मचे बुश (रबरी तुकडे) वाजतात, ते चालेल. टायमिंग बेल्ट कधी बदलला ते मालकाला ठाऊक नाही, तो खर्च धरलाच आहे.

मालक इंजिन उघडू देत नाही, सुटे भाग नागपूरहून आणावे लागतील. काहीही न खोलता थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) अडकलाय, रेडिएटर चोंदलाय की हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक अन् हेड यांमधलं सील) जायला लागलंय, हे कसं ओळखायचं?