बीथोवनच्या सोनाटात व्हायोलिनवाली खरंच एक मात्रा मागे पडली का?

पेटीवाला, फोंडा

नमस्कार मंडळी. प्रश्न अडाण्याचा आहे, हसलात तरी चालेल, पण उत्तर द्या.

तीस वर्षं मी भजनाला आणि नाटकाला पेटीची साथ करतो. पाश्चात्त्य संगीत म्हणजे चर्चच्या फेस्ताच्या वेळी कानावर पडतं तेवढंच. गेल्या शनिवारी पुतणीनं धरून पणजीला नेलं. व्हायोलिन आणि पियानो, दोघंच. व्हायोलिनवर बाई, पियानोवर बुवा. मोत्सार्टचा ई मायनर सोनाटा (म्हणजे काही भागांची वाद्यरचना), बीथोवनचा 'स्प्रिंग', मध्यंतर, मग सेझार फ्रांकचा ए मेजर. पत्रिका जपून ठेवलीय म्हणून नावं लिहू शकतोय.

सुरुवातीला त्यानं एक सूर दाबला आणि तिनं तार मिळवली. माझ्या हिशेबानं पांढरी सहा. बरं वाटलं, म्हटलं चला, इथेही पेटीवाल्याला विचारूनच सूर लावतात. मोत्सार्टमध्ये दोघांनी एकच चाल एकदम धरली, आपण गाणाऱ्याच्या पावलावर पाऊल टाकतो तशी. इथवर सगळं ओळखीचं. दुसऱ्या भागात मात्र पियानोवाला एकटाच सुरू झाला आणि बाई व्हायोलिन धरून ऐकत उभी. आमच्या मंडळात मी असं केलं तर गाणारे बुवा पेटीचा भाता बंद करायला लावतील!

मग 'स्प्रिंग'. आधी ती गाते, तो खाली झुळझुळ करत राहतो. थोड्या वेळानं चाल त्यानं घेतली आणि झुळझुळ तिच्याकडे गेली. म्हणजे गाणारीच पेटीवाल्याची साथ करतेय! हे घशाखाली उतरेना.

आणि खरी गंमत, किंवा चूक, तिसऱ्या भागात. जेमतेम मिनिटभराचा तुकडा. पियानो ठुमकत पुढे, व्हायोलिन एक मात्रा मागून. माझा पाय आपोआप ताल धरतो, त्यामुळे लगेच कळलं. म्हटलं चुकली बिचारी, आता सावरेल. कुठलं सावरतेय! तो तुकडा परत आला, परत तेवढीच मागे. आजूबाजूचे लोक गालात हसत होते आणि मलाच तिच्या वतीनं लाज वाटत होती. पुतणीला विचारलं तर म्हणाली, "काका, श्श्!"

बाणस्तारीचा पूल येईपर्यंत गाडीत आमचा यावरच वाद. ती चुकली का? या दोघांत साथीदार कोण? आणि तबला नाही, मग लय कोणाच्या हातात? पियानोचं झाकण पूर्ण उघडं होतं, फ्रांकच्या दुसऱ्या भागात तर मला नुसता गज हलताना दिसत होता. पहिला भाग संपल्यावर मी टाळी वाजवली आणि एकटा पडलो, पण ते सोडा.

माजोर्डेकार

पेटीवालेबाब, तुमचा कान शाबूत आहे. बाई मागे पडली नाही, तिला मागे ठेवलीय. बीथोवननं ते तसंच लिहिलंय. आधी पियानो एकटा ती चाल वाजवतो, मग व्हायोलिन येतं ते एक मात्रा उशिरा, जणू नवशिक्या पळत पळत गाडी पकडतोय. १८०१ मध्ये छापलेली थट्टा आहे ही. लोक हसत होते ते तिला नव्हे. आणि वाजवून बघा, बरोबर वाजवण्यापेक्षा नेमकी एक मात्रा चुकत राहणं जड जातं. 'स्प्रिंग' हे नाव मात्र बीथोवनचं नाही, ते मागाहून चिकटलं.

साथीचं म्हणाल तर तुम्ही उलट्या टोकानं धरलंय. बीथोवनचे व्हायोलिनचे पहिले तीन सोनाटा १७९९ मध्ये छापले गेले, त्यांच्यावर लिहिलंय: क्लाव्हिचेंबालो किंवा फोर्तेपियानोसाठी (दोन्ही त्या काळची पट्ट्यांची वाद्यं), एका व्हायोलिनसह. पियानो आधी, व्हायोलिन शेपटाला! त्या काळात घरात कोणी पियानो वाजवायचं आणि पाहुण्यानं व्हायोलिन घेऊन थोडी भर घालायची, असा मामला. मोत्सार्ट-बीथोवननं त्या पाहुण्याला घरचा केला. तुम्ही ऐकलात तो मोत्सार्ट १७७८ चा. पुढे १७८४ मध्ये व्हिएन्नात रेजिना स्ट्रिनासाक्की या व्हायोलिनवादक बाईबरोबर वाजवायचा सोनाटा त्यानं इतका आयत्या वेळी रचला, की पियानोचा भाग लिहायला सवडच झाली नाही. जवळजवळ कोरा कागद समोर ठेवून वाजवला म्हणे.

आवाजाचं तुमचं खरं आहे. मोत्सार्टचा पियानो लाकडी चौकटीचा, पाच सप्तकांचा, अंगानं हलका. आजचा लोखंडी चौकटीचा, ८८ पट्ट्यांचा. बोटं दिसावीत म्हणून डावीकडे पुढे बसला असाल. मध्यावर, मागे बसायचं.

टाळीची लाज बाळगू नका. त्याच १७७८ साली पॅरिसमध्ये मोत्सार्टची सिंफनी चालू असताना लोकांनी मधेच टाळ्या वाजवल्या आणि त्यानं खूश होऊन बापाला पत्रात कळवलं. गप्प बसायची शिस्त नंतरची.

मी चर्चच्या शाळेत व्हायोलिन शिकलो. आधी सोल्फेज, म्हणजे लिहिलेले सूर वाचून गाणं, मग वाद्याला हात. आमच्याच माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस मुंबईला गेले, प्यारेलाल आणि आर. डी. बर्मन त्यांच्याकडे शिकले. नाव सगळ्यांना सिनेमातल्या गाण्यामुळे ठाऊक, माणूस व्हायोलिनचा होता हे किती जणांना माहीत?

साखळीकर

कोणी याला जुगलबंदी म्हणायच्या आत सांगतो, जुगलबंदी नाही. तिथे समोरचा आता काय टाकणार ते माहीत नसतं. इथे शेवटचा सूरसुद्धा छापलेला. नाटकातल्या दोन पात्रांचा प्रवेश म्हणा हवं तर.

पानं_उलटणारी

काका, त्या संध्याकाळी पियानोवाल्याच्या डाव्या बाजूला स्टुलावर बसलेली, दर थोड्या वेळानं उठून पान उलटणारी मुलगी मीच. त्यामुळे लय कोणाच्या हातात हे मी दोन हातांवरून बघितलंय. नाकात आहे! सुरुवात करण्याआधी ती जोरात श्वास ओढते, तालातच, आणि तो ऐकून हा हात टाकतो. तुम्हाला शेवटच्या रांगेत ऐकू येणार नाही. जिथे चाल त्याच्याकडे असते तिथे ती त्याच्या मनगटाकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघते.

आणखी एक. तिच्या स्टँडवर फक्त तिचाच भाग असतो. त्याच्या कागदावर खाली पियानो आणि वर बारीक अक्षरांत तिचाही भाग छापलेला. म्हणून मला वाटतं साथीदार तो नाही, पण दोघांचं माहीत असलेला तोच.

फ्रांकचा शेवटचा भाग आठवतोय? तिथेही व्हायोलिन मागेच आहे. पियानो चाल सुरू करतो आणि एका पूर्ण आवर्तनाच्या अंतरानं तीच चाल व्हायोलिन घेतं, दोन्ही एकमेकांत बसतात. हा सोनाटा १८८६ मध्ये व्हायोलिनवादक यूजेन इझाईला लग्नाची भेट म्हणून दिलेला. त्याच वर्षी डिसेंबरात ब्रुसेल्सला एका चित्रसंग्रहालयात वाजवला, तर चित्रांमुळे दिवे लावायची मनाई. बाहेर काळोख पडत गेला आणि उरलेले भाग दोघांनी अंधारात, पाठ वाजवले. पान उलटणाऱ्याचं त्या दिवशी काय काम होतं कोण जाणे.

पेटीवाला, फोंडा

सगळ्यांना देव बरें करूं. माजोर्डेकारबाब, डावीकडे दुसऱ्या रांगेतच होतो. बाय, तुला बघितलं होतं, मला वाटलं बुवाची मुलगी.

'स्प्रिंग'चा तो तिसरा भाग फोनवर लावून मांडीवर मात्रा मोजत सहा वेळा ऐकला. आता हसू येतं. आधी मला वाटायचं व्हायोलिन अडखळतंय, आता वाटतं पियानोच मुद्दाम थांबत नाहीय. पुतणीची क्षमा मागितली, ती म्हणाली पुढचं तिकीट तुम्ही काढा.

गुरुवारी भजनाला एक प्रयोग केला. 'जय जय राम कृष्ण हरी'च्या गजरात दोन आवर्तनं पेटी बुवांच्या मागून एक मात्रा ठेवली. पखवाजवाल्यानं मान वर करून बघितलं. तिसऱ्या आवर्तनाला बुवांनी टाळ थांबवले आणि विचारलं, "काय रे, जेवून आलास काय?"