मदत हवी आहे : नेब्युलायझरमधून मॉर्फिन

गोदाकाठ :
वडिलांना चार पावले चालले तरी धाप लागते आणि रात्र उशांना टेकून बसूनच काढावी लागते. नेब्युलायझर (औषधाची वाफ करून देणारे यंत्र) घरात आहेच. त्यातून मॉर्फिन (अफूपासून बनणारे तीव्र वेदनाशामक) दिल्यास ते थेट फुफ्फुसांत जाते आणि गुंगी व बद्धकोष्ठता टळते, असे वाचनात आले. ते नाशिकमध्ये कुठे मिळेल आणि किती घालायचे, एवढेच सांगावे. "डॉक्टरांना विचारा" हे उत्तर कृपया देऊ नये, कारण ते हा विषय टाळतात.

जिज्ञासू :
आजार कोणता, हेच आपण लिहिलेले नाही. सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा जुनाट आजार), हृदयविकार की आणखी काही? मूत्रपिंडांचे काय?

चाफा :
माझ्या मामांना रुग्णालयात याच पद्धतीने फेंटानिल (मॉर्फिनसारखेच औषध) दिले होते आणि त्यांना आराम पडला. त्यामुळे ही पद्धत निरुपयोगी आहे, हे मी मान्य करणार नाही.

तिऱ्हाईत :
निरुपयोगी असे अजून कोणी म्हटलेले नव्हते; आता मी म्हणतो. 2001 साली 18 चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा तोंडाने वा इंजेक्शनने दिलेल्या अफूजन्य औषधांचा थोडा उपयोग दिसला, परंतु वाफेतून दिलेल्या मॉर्फिनचा साध्या सलाइनच्या वाफेपेक्षा अधिक गुण आढळला नाही. उलट मॉर्फिनमुळे हिस्टामिन (ॲलर्जीत शरीरात सुटणारे रसायन) सुटून श्वासनलिका आवळण्याचा धोका असतो. फेंटानिलवरचे अभ्यास फार लहान आहेत.

संसारी :
पाच लिटरऐवजी दहा लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे यंत्र) घ्यावा, वीजबिल मात्र वाढते.

गोदाकाठ :
कॉन्सन्ट्रेटरविषयी मी विचारलेच नव्हते. आजार आयएलडी (फुफ्फुसांच्या ऊती जाड व ताठर होण्याचा) आहे, रक्तातील ऑक्सिजन 94 टक्के असतो, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेले आहे. मग मॉर्फिनची गोळी चालेल का?

तिऱ्हाईत :
क्रिएटिनिनची गोष्ट आधी सांगायला हवी होती. मूत्रपिंडे मंदावली की मॉर्फिनचे घटक शरीरात साचून गुंगी वाढते आणि श्वासही मंदावू शकतो, म्हणून घरच्या घरी मात्रा ठरवणे धोक्याचे आहे. गोळीबाबतही निष्कर्ष एकसारखे नाहीत: 2003 च्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत रोजच्या 20 मिलिग्रॅमने धाप कमी झाली, तर 2022 मध्ये सीओपीडीच्या रुग्णांत पहिल्या आठवड्यात फरक आढळला नाही. डॉक्टर टाळत असतील तर रुग्णालयातील पॅलिएटिव्ह केअर (गंभीर आजारातील त्रास कमी करणारे उपचार) विभाग गाठावा. अमली पदार्थांच्या कायद्यातील 2014 च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्था मॉर्फिन देऊ शकतात. तोवर बॅटरीवरचा छोटा हातपंखा गालांवर व नाकाशी धरून पाहावा. ऑक्सिजन 94 असताना संसारींच्या यंत्राने धाप कमी होईल, असे वाटत नाही.

चाफा :
तरीही मामांना आराम पडला होता.

जिज्ञासू :
त्या वेळी त्यांना आणखी कोणती औषधे चालू होती?