मदत हवी आहे: ताज्या विषयांवर लिहावं की कायम वाचले जातील अशा?

कोरा कागद
सरळ विचारतो. आठवड्याला एकच लेख लिहून होतो. ताजा विषय घेतला की दोन दिवस भरपूर वाचक येतात, मग कुणी फिरकत नाही. कायमचा विषय घेतला तर सुरुवातीला सामसूम, पण तसे जुने लेख अजूनही कुणी ना कुणी वाचत असतं. दोन्ही करायला वेळ नाही. एकच दिशा धरायची तर कुठली? 'मनाला येईल ते लिहा' हा सल्ला कृपया नको, तो भरपूर मिळालाय. लवकर ठरवायचंय.

जुना वाचक
विषय कोणता ते लिहिलंच नाही. राजकारण आणि व्याकरण यांना एकच उत्तर कसं देणार? लेख नंतर दुरुस्त करता येतो, की एकदा दिला की हातातून गेला?

मृण्मयी
विषय काहीही असो, सदाबहारच लिहा. मी बागकामावर लिहिते. पानं पिवळी का पडतात हा माझा जुना लेख आजही सर्वांत जास्त वाचला जातो. बातमीमागे धावायला बातमीदार आहेत, एकट्या माणसाने त्यांच्याशी शर्यत लावू नये.

टिपणकार
पूर्ण असहमत. सदाबहार विषयांवर आधीच ढिगाने लिहून झालंय, त्यात नव्या माणसाचा लेख कुणाला दिसणार? नवीन काही घडलं की पहिले काही तास सगळे सारखेच अनभिज्ञ असतात. नाव होतं ते तेव्हा. मृण्मयीताई, तुमचा लेख टिकला कारण तुम्ही लवकर आलात.

मृण्मयी
टिकला कारण दर हंगामात मी तो पुन्हा वाचून सुधारते. लवकर येऊन सोडून दिलेले लेख कुठे गेले ते बघा.

कोरा कागद
वाद नको, उत्तर हवंय. विषय आकाशनिरीक्षण, दुर्बीण नसलेल्यांसाठी. लेख केव्हाही बदलता येतात. त्याने काय फरक पडतो?

जुना वाचक
सगळा फरक त्यानेच पडतो. तुमच्या विषयातल्या बहुतेक ताज्या घटना वर्षानुवर्षं आधी माहीत असतात. पर्सीड उल्कावर्षाव दर ऑगस्टच्या १२-१३ तारखेच्या आसपास, जेमिनिड डिसेंबरच्या १३-१४ला. मंगळाची प्रतियुती (पृथ्वीवरून मंगळ सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येणं) साधारण २६ महिन्यांनी. २ ऑगस्ट २०२७चं खग्रास सूर्यग्रहण, ज्यात काही ठिकाणी खग्रास अवस्था सहा मिनिटांहून जास्त टिकेल, तेही आधीच ठरलेलं. बातमीदार आदल्या दिवशी जागे होतात, तुम्ही आजच लिहू शकता.

उल्कावर्षाव कसा पाहावा, हा लेख एकदाच जीव ओतून लिहा. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं का द्यायची, मध्यरात्रीनंतर उल्का जास्त का दिसतात (आपली बाजू तेव्हा पृथ्वीच्या प्रवासाच्या दिशेला वळलेली असते), मोबाइल खिशात का ठेवायचा. यातलं काहीच पुढच्या वर्षी बदलत नाही. बदलते ती चंद्राची कला. तेवढ्यासाठी दरवर्षी चार ओळींचं टिपण लिहायचं आणि वाचकाला मूळ लेखाकडे पाठवायचं. मूळ लेखाच्या शीर्षकात साल मात्र घालू नका.

टिपणकार
आणि अचानक येणाऱ्यांचं काय? निओवाइज धूमकेतू मार्च २०२०मध्ये सापडला आणि जुलैत नुसत्या डोळ्यांनी दिसला. तेव्हा काय मूळ लेख लिहीत बसायचं?

जुना वाचक
धूमकेतूची शेपटी सूर्याच्या विरुद्ध दिशेला का असते, हा लेख तयार असेल तर त्या जुलैत फक्त कधी आणि कुठे बघायचं एवढंच लिहावं लागतं.

गणिती
अवांतर: 'कायमचे' हा शब्द आकाशाला जपून वापरावा. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलत सुमारे २६,००० वर्षांत एक फेरी घेतो. सुमारे १२,००० वर्षांनी उत्तर ध्रुवाजवळचा ठळक तारा अभिजित असेल. ग्रहणांचं सांगायचं तर २२ जुलै २००९ आणि २ ऑगस्ट २०२७ ही दोन्ही एकाच सारोस मालिकेतली (ठरावीक अंतराने येणाऱ्या सारख्या ग्रहणांची माळ). मध्ये १८ वर्षं ११ दिवस ८ तास. त्या आठ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरते, म्हणून ग्रहणाचा पट्टा पश्चिमेला सरकतो.

मृण्मयी
मला हे अवांतर वाटत नाही. सदाबहार लेखही शिळा होतो, फक्त सावकाश. २०२३च्या सुरुवातीला सर्वाधिक चंद्र गुरूचे होते. मार्च २०२५मध्ये शनीचे २७४ झाले. असे आकडे लेखभर पसरू नका, एकाच परिच्छेदात ठेवा, म्हणजे सुधारणं सोपं.

निशाचर
१०x५०ची (दहा पट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगांची) द्विनेत्री घ्या. पहिल्या खरेदीत मोठ्या दुर्बिणीच्या नादी लागू नका.

कोरा कागद
निशाचर, खरेदीचं विचारलेलंच नाही.
मूळ लेखाची कल्पना पटली. पण आत्ता एकच होईल. पर्सीड, की 'ऑगस्टमध्ये मंगळ चंद्राएवढा दिसणार' हा जो निरोप फिरतो त्याचं खंडन?

टिपणकार
खंडन. मंगळ २७ ऑगस्ट २००३ला साडेपाच कोटी किलोमीटरच्या आसपास आला होता, तेव्हापासून तो निरोप पुन्हा पुन्हा येतोय. लोक त्याच आठवड्यात शोधतात.

जुना वाचक
म्हणजे तो तुमच्या मताने ताजा विषय, माझ्या मताने दरवर्षी उपयोगी पडणारा! तरी माझं मत आधी पर्सीड. निरोप खोटा ठरवून वाचकाची निराशाच होते. उल्का पाहायला तो खरोखर बाहेर जाईल.

गणिती
पर्सीडच. १२ ऑगस्ट २०२६ला खग्रास सूर्यग्रहण आहे, म्हणजे अमावास्या, म्हणजे पर्सीडच्या ऐन रात्री चंद्राचा त्रास नाही. फक्त हे वाक्य त्या वर्षीच्या टिपणात घाला, मूळ लेखात नको.