साताऱ्यात माहितगार घेऊन पेठा आणि खाणंपिणं एकत्र फिरायचंय, कसं जमवावं?

नीलाक्षी_डोंबिवली

नमस्कार मंडळी. डिसेंबरात आम्ही साताऱ्याला येतोय, मी, नवरा, दहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. कास, ठोसेघर, सज्जनगड हे सगळं आधी झालेलं आहे पण दर वेळी शहर तसंच बाजूला राहतं, पोवई नाक्यावर चहा घेतला की गाडी पुढे. यावेळी मुद्दाम जुन्या साताऱ्यात पायी फिरायचं ठरवलंय, कोणीतरी माहितगार सोबत घेऊन, आणि फिरता फिरता तिथलं खाणंपण व्हावं असं वाटतंय. सासूबाईंचं लहानपण यादोगोपाळ पेठेत गेलं. त्यांना वाडे आठवतात, माणसं आठवतात, पण आता कुठून कुठे निघायचं ते सांगता येत नाही म्हणतात, आणि गुडघ्यांचा त्रास आहे म्हणून चढ नको.

मागे एका दुसऱ्या शहरात असा गाइडेड वॉक घेतला होता. माणशी बरेच पैसे घेतले, मोठा घोळका, दर पाच मिनिटांनी हातात काहीतरी द्यायचे, कचोरी काय लस्सी काय, आणि आमची तोंडं चालू असताना गाइड मंदिराची माहिती सांगायचा ती मागच्यांना ऐकूच यायची नाही. शेवटी पोट गच्च आणि डोक्यात काहीच नाही. तसं परत नकोय.

तर साताऱ्यात माहितगार घेण्याइतकं बघायला आहे का, की आपलं आपण फिरलेलं बरं? सकाळी की संध्याकाळी? मुलाला कंटाळा येणार नाही असं काय आहे? आणि खायचं काय, कधी? जाणकारांनी सविस्तर लिहा प्लीज.

पेठेतला

ताई, बघायला भरपूर आहे. फक्त एका मोठ्या वास्तूपुढं उभं राहिलं, फोटो काढला आणि झालं असं हे गाव नाही, सगळं गल्लीबोळात विखुरलंय, आणि म्हणूनच माहितगार पाहिजे. नाहीतर तुम्ही एखाद्या दिंडी दरवाजासमोरनं जाल आणि कळणारपण नाही की आत चौक आहे, आड आहे, लाकडी सज्जा आहे. असे वाडे आता कमी होत चाललेत, कितीतरी ठिकाणी अपार्टमेंट उभ्या राहिल्या, त्यामुळं जे आहे ते बघून घ्या असंच मी प्रत्येकाला सांगतो.

आता रस्ता. 1708 साली अजिंक्यताऱ्यावर शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला, आणि पुढं त्यांनी गडाच्या पायथ्याशी शहर वसवलं, शाहूनगर. म्हणजे जुनं सातारा सगळं उतारावर आहे. म्हणून चालायचं ते वरनं खाली. समर्थ मंदिराच्या चौकापर्यंत रिक्षानं जा, तिथनं उतरत मंगळवार तळं, मग राजवाडा, मोती तळं आणि शेवट मोती चौकात. बहुतेक लोक उलटं करतात, मोती चौकात गाडी लावून वर चढत जातात आणि अर्ध्यातच दमून परत फिरतात. उतारपण गुडघ्याला लागतो हे खरं पण आईंनी काठी घेतली आणि दर चौकात जरा टेकल्या तर जमेल, घाई करायची नाही बास. यादोगोपाळ पेठ वाटेत घ्यायला माहितगाराला आधीच सांगून ठेवा आणि तिथं गेल्यावर त्याला गप्प बसवून आईंना बोलू द्या, तुमच्या सगळ्या फिरण्यात तेच सगळ्यात चांगलं होईल.

उतारामुळंच इथं पाण्याची जी व्यवस्था झाली ती पण विचारा. वर यवतेश्वर, महादरेच्या बाजूला पाणी, खाली गाव, मग खापरी नळातनं ते पाणी पेठांतल्या हौदांत खेळवलेलं. पुढं इंग्रजांच्या काळात कासच्या तलावाचं पाणी पाटानं आणलं, तेपण नुसत्या उताराच्या जोरावर. तळी कुठं आहेत, हौद कुठं आहेत ते बघत चाललात की गाव कसं बसवलं ते आपोआप समजतं. मला तर राजवाड्यापेक्षा ह्यातच जास्त रस आहे.

माहितगार ठरवताना फोनवर एकच विचारा, पेठांमधनं नेणार का नुसता राजवाडा आणि गडाच्या वाटेवरचं चारभिंती स्मारक दाखवणार. पेठांची नावं भराभर सांगितली, चिमणपुरा, व्यंकटपुरा, बसाप्पा, माची, रामाचा गोट, आणि कुठल्या पेठेत काय आहे ते सांगता आलं तर माणूस कामाचा.

खवय्या_वाई

वरच्यांनी रस्ता झकास सांगितलाय, मी खाण्याचं बोलतो. तुम्हाला मागं जो त्रास झाला तो चालणं आणि खाणं आलटून पालटून केल्यामुळं झाला. साताऱ्यात तसं करायचं कारणच नाही कारण राजवाड्याच्या चौपाटीवर गाड्या लागतात त्याच मुळात संध्याकाळी. तर दुपारी साडेतीनला वरनं निघा, डिसेंबरात लवकर अंधारतं, सहाच्या आसपास खाली या, बघायचं संपलं की मग खायला बसा. निघताना पोटात थोडं काहीतरी असू द्या, नाहीतर मुलगा चिडचिड करेल.

मिसळ खायची असेल तर ती सकाळची, नाश्त्याला. मटकीची उसळ, वर फरसाण, कांदा, आणि कट वेगळ्या वाटीत मागा म्हणजे आईंना आणि मुलाला सोसेल तेवढाच घालता येईल. सातारी तिखटाला कमी समजू नका. चौपाटीवर भेळ, पाणीपुरी, भजी, डोसे सगळं मिळतं. भेळ घेताना ती समोर कालवून घ्या, चिरमुरे कुरकुरीत असतानाच संपवायची, आधी करून ठेवलेली घेऊ नका. आईंना बाहेरचं पाणी नको असेल तर पाणीपुरी सोडा आणि गरम गरम भजी घ्या, कढईतनं थेट.

आणि कंदी पेढे. ह्यासाठी नुसतं दुकानात जाऊन पाव किलो घेऊन येऊ नका. मोती चौकाच्या आसपास जुनी दुकानं आहेत, काही ठिकाणी मागं भट्टी असते, विनंती केली आणि गर्दी नसली तर दाखवतात. म्हशीच्या दुधाचा खवा मोठ्या कढईत मंद आचेवर परतत राहतात, हात थांबवायचा नाही, आधी खवा मऊ पडतो, मग त्याला तूप सुटतं, कडेनं रंग बदलत बदलत तपकिरी होतो, आणि तेव्हा जो वास येतो तो गल्लीच्या तोंडापर्यंत येतो. साखर बेताची. जास्त भाजल्यामुळंच तो रवाळ लागतो आणि साध्या पेढ्यापेक्षा टिकतो. गार व्हायच्या आत हातानं वळतात. गरम पेढा मिळाला तर तिथंच उभं राहून खा, डब्यातला आणि तो ह्यात फरक आहे. जावळी, कास भागातली म्हशीची दुधं चांगली म्हणून इथला खवा चांगला, हे पेढेवाल्याच्या तोंडून ऐका, ते जास्त रंगवून सांगतात.

भटक्या_१२

माझं मत वेगळं आहे. माहितगार कशाला, रिक्षा करा दोन तासांसाठी, रिक्षावाले काका सगळं दाखवतात. अजिंक्यताऱ्यावर गाडी जाते, सूर्यास्त बघा, खाली येऊन भेळ खा. ज्येष्ठ माणूस बरोबर असताना पायपीट नको. राजवाड्याच्या आत सोडतीलच असं धरून चालू नका, तो बाहेरूनच बघायचा ठरवून या, मग त्यासाठी वेगळा माणूस कशाला लावायचा?

मास्तर_कोरेगाव

भटक्या, गडाचं तुमचं बरोबर आहे पण बाकीचं पटलं नाही. राजवाडा बाहेरून बघायचा असेल तर माहितगार जास्तच लागतो, कारण भिंत स्वतःहून काही बोलत नाही. मी शाळेची मुलं घेऊन तिथं जात आलोय म्हणून सांगतो. जुना राजवाडा प्रतापसिंह महाराजांनी बांधला, नवा शेजारचा त्यांचे भाऊ शहाजी म्हणजे आप्पासाहेब महाराजांच्या काळातला, तिथं पुढं बरीच वर्षं कोर्ट भरायचं. प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी 1839 साली गादीवरून काढून काशीला पाठवलं, त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि तिथं वर्षानुवर्षं राहिले, 1848 ला तर राज्यच खालसा झालं. ही सगळी हकीकत त्या दारासमोर उभं राहून ऐकली तर अंगावर येते. रिक्षात बसून ऐकू पण येणार नाही.

आणि ताई, तुमच्या मुलासाठी. राजवाड्यातच जी शाळा भरायची, आताचं प्रतापसिंह हायस्कूल, तिथं 7 नोव्हेंबर 1900 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव दाखल झालं. रजिस्टरात नाव आहे भिवा रामजी आंबेडकर. महाराष्ट्रात 7 नोव्हेंबर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात तो ह्याच प्रवेशाचा दिवस. बाबासाहेबांच्या आई भीमाबाई साताऱ्यातच गेल्या, बाबासाहेब तेव्हा अगदी लहान होते. दहा वर्षांच्या पोराला हे तिथंच सांगा, त्याच्याच वयाचा एक मुलगा ह्या दारातनं शाळेत जायचा आणि त्याला वर्गात कसं बसवलं जायचं. माझी मुलं तिथं एकदम शांत होतात, एरवी न होणारी.

गडाची गोष्टपण खालनंच सांगता येते, वर बोट दाखवून. औरंगजेब 1699 च्या डिसेंबरात स्वतः येऊन वेढा घालून बसला, आत किल्लेदार प्रयागजी प्रभू. मोगलांनी मंगळाई बुरुजाखाली सुरुंग भरले. एक उडाला, त्यात प्रयागजी ढिगाऱ्याखाली सापडले पण जिवंत निघाले. दुसरा उडाला तो उलटा बाहेरच्या अंगाला आणि बुरूज मोगलांच्याच सैन्यावर कोसळला. शेवटी 1700 च्या एप्रिलमध्ये किल्ला गेला, त्याचं नाव आझमतारा केलं, आणि पुढं ताराराणींनी तो परत घेतला. हे ऐकल्यावर मुलं स्वतःच वर जायचं म्हणतात, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीनं न्या.

माहितगाराचे पैसे ठरवताना एक बघा, खाण्याचा खर्च त्यात आहे का वेगळा, आणि सोबत अजून किती लोक. शक्यतो तुमच्या घरच्यापुरतंच ठरवा. आणि इथल्या शिकलेल्या मुलाला घासाघीस न करता पैसे द्या, ह्या अभ्यासाला वर्षं जातात.

नीलाक्षी_डोंबिवली

सगळ्यांचे मनापासून आभार, सासूबाईंना वाचून दाखवलं, रामाचा गोट ऐकल्यावर त्यांनी तिथल्या दोन घरांची नावंच सांगायला सुरुवात केली. वरून खाली जायचं पक्कं केलंय, आणि खाणं शेवटी. अजून एक विचारायचं होतं, त्याच दिवशी सकाळी बारा मोटेची विहीर होईल का? आणि चारभिंतीला आईंना नेता येईल का?

पेठेतला

त्याच दिवशी नको. ती विहीर लिंब गावात आहे, ते पुण्याच्या बाजूला, साधारण पंधराएक किलोमीटर, तुम्ही डोंबिवलीला परत जाल तेव्हा वाटेत घ्या. विहीर वीरूबाई भोसल्यांनी बांधली, 1719 ते 1724 च्या दरम्यान, अष्टकोनी आहे आणि आत पाण्यावर चक्क छोटा महाल आहे, कोरीव खांबांचा. एकाच वेळी बारा मोटा चालायच्या. पायऱ्या उंच आहेत, आईंना वरनंच काठावरून दाखवा, तिथनंपण बरंचसं दिसतं, मुलाला मात्र हात धरून खाली न्या.

चारभिंती गडाच्या वाटेवर आहे, रिक्षा जवळपर्यंत जाते. दसऱ्याची मिरवणूक राजघराण्यातल्या बायकांना वरनं बघता यावी म्हणून प्रतापसिंह महाराजांच्या काळात बांधलेली जागा, आता ते 1857 च्या हुतात्म्यांचं स्मारक आहे. गडावर जायच्या सकाळी तीच वाट आहे तर तेव्हाच थांबा, सगळं शहर खाली दिसतं, आईंना पेठा ओळखायला सांगा. आणि जमलं तर पुढच्या वर्षी दसऱ्याला या, राजघराण्याच्या जलमंदिर वाड्यातनं भवानी तलवारीची मिरवणूक निघते, पोवई नाक्यापर्यंत, तेव्हा गावाचा नूरच वेगळा असतो.

खवय्या_वाई

पेढे परतीच्या दिवशी सकाळी घ्या, आदल्या रात्री नको. आणि प्लास्टिकच्या डब्यात गरम भरू देऊ नका, वाफ धरते, कागदी खोक्यात मागा.