मदत हवी आहे: टीव्हीवर ४के सिनेमा अडकत अडकत चालतो

रानजाई:
टीव्हीला जोडलेल्या पीसीवर ४के सिनेमे धड चालत नाहीत. आवाज नीट येतो, चित्र दर दोन सेकंदांनी अडकतं. आय५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, विंडोज १०, सिनेमे कोडी प्लेअरवर. फुल एचडी व्यवस्थित चालतं. शनिवारी सगळे घरी जमणार आहेत, लवकर सांगा.

सोल्डरगन:
आय५ कितव्या पिढीचा? पूर्ण नंबर द्या. फाइल कोणत्या व्हिडिओ फॉरमॅटची, एच.२६४ की एचईव्हीसी? रंग ८ बिट की १० बिट? सिनेमा चालू असताना कीबोर्डवर ओ दाबा. डीकोडरच्या (व्हिडिओ उलगडणाऱ्या भागाच्या) ओळीत एचडब्ल्यू, म्हणजे हार्डवेअर, आहे की एसडब्ल्यू, म्हणजे सॉफ्टवेअर?

खटका:
हार्डडिस्क काढा, एसएसडी टाका. प्रश्न मिटला.

सोल्डरगन:
@खटका, नाही मिटणार. जड ४के फाइल सेकंदाला सव्वाशे मेगाबिटची धरली तरी सेकंदाला १६ एमबी होतात. साधी हार्डडिस्क १०० सहज देते. एसएसडीने विंडोज लवकर उघडेल, चित्र तसंच अडकेल.

रानजाई:
आय५-६५००, एचईव्हीसी १० बिट, एसडब्ल्यू दिसतंय. सीपीयू १००%. केबल मदरबोर्डच्या एचडीएमआयला आहे.

सोल्डरगन:
मग दुखणं तेच. सहाव्या पिढीचं एचडी ५३० ग्राफिक्स ८ बिट एचईव्हीसी हार्डवेअरवर उलगडतं. १० बिट पूर्णपणे जमतं ते सातव्या पिढीपासून. इथे सगळा भार सीपीयूच्या चार कोअरवर पडतोय. जीटी १०३० हे ग्राफिक्स कार्ड घाला, ते १० बिट स्वतः उलगडतं. ३० वॅट, एसएमपीएसची (पॉवर सप्लायची) वेगळी वायर लागत नाही, बिनफॅनचंही मिळतं. शिवाय एचडीएमआय २.० मिळेल, म्हणजे ४के ६० हर्ट्झला; तुमच्या बोर्डाचा बहुधा १.४ असेल, तो ४के ला तीसवरच थांबतो. खोक्यावर मेमरी जीडीडीआर५ असल्याचं वाचूनच घ्या. डीडीआर४ वालं त्याच नावाने विकतात, त्याच्या मेमरीचा वेग जेमतेम तिसरा हिस्सा. बसवल्यावर केबल कार्डाला लावा, बोर्डाला नाही. निम्मे लोक इथेच चुकतात.

खटका:
१०३० वर एव्ही१ हा नवा व्हिडिओ फॉरमॅट चालत नाही. पैसे वाया.

सोल्डरगन:
एव्ही१ नाही, खरंय. पण यूट्यूब ४के व्हीपी९ या जुन्या फॉरमॅटमध्येही देतं आणि ते या कार्डावर चालतं. विंडोज १० चा सपोर्ट मात्र १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी लागते. हे मशीन फक्त सिनेमांपुरतं ठेवा.

रानजाई:
विंडोज राहू दे, बँकेचं कामही त्यावरच होतं. कॅबिनेट बुटकं आहे, कार्ड मावेल का?

सोल्डरगन:
लो-प्रोफाइल (कमी उंचीचं) कार्ड घ्या, कॅबिनेटला स्क्रूने बसवायची छोटी पट्टी खोक्यात असल्याची खात्री करून. आणि बँकेचं काम त्या विंडोजवर नको, मोबाइलवर करा.