प्रतिसाद: हुशार पोरं असली की मास्तरला टेन्शन नाही?

वर एकांनी लिहिलंय की हुशार पोरं आपली आपण शिकतात, मास्तरला काय टेन्शन. अहो असं नसतंय. इथं सोलापुरात पूर्व भागात माझ्या वर्गात एक मुलगी आहे, घरी तेलुगू, वडील पॉवरलूमवर, ती विचारते ऋण गुणिले ऋण धनच का, नियम नको कारण सांगा, मग रात्री बसून तयारी करायची आणि सकाळी शाळेत गेलं की ऑनलाइन माहिती भरा नाहीतर शिष्यवृत्तीचे पेपर सोडवून घ्या, तिचा प्रश्न तसाच राहतो आणि जीवाला तेच खातं. आरटीई २००९ च्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण, निवडणूक सोडून अशैक्षणिक कामं देता येत नाहीत. आठवड्याला दोन तास तरी काय शिकवायचं ते आम्हाला ठरवू द्या, मुख्याध्यापकांनी मनावर घेतलं तर एवढं शाळेतच जमतंय.