मदत हवी आहे : लेव्हर की जोकोविच, मोजायचं कशावर?

नमस्कार मंडळी. पुण्यात डेक्कनला सकाळचं टेनिस आटोपलं की सर्वश्रेष्ठ टेनिसपटू कोण, हा वाद आमच्यात हमखास रंगतो. तरुण मंडळी थेट आकडे मांडतात: जोकोविच २४ ग्रँड स्लॅम (चार मोठ्या स्पर्धांची) विजेतेपदं, नदाल २२, फेडरर २०. विषय संपला! मला हे अजिबात पटत नाही. जुन्या काळातल्या ऑस्ट्रेलियाच्या रॉड लेव्हरच्या नावावर ११च आहेत, पण तेव्हा या स्पर्धा फक्त हौशी खेळाडूंसाठी असायच्या आणि व्यावसायिक झाल्यामुळे १९६३ ते १९६७ त्याला त्यांची दारंच बंद होती. त्याआधी १९६२ला आणि नंतर १९६९ला त्याने एकाच वर्षात चारही जिंकल्या. पुरुष एकेरीत असं दोनदा दुसऱ्या कुणालाच जमलेलं नाही. स्वीडनचा ब्योर्न बोर्गही ११वरच थांबला, पण ऑस्ट्रेलियन ओपन तो एकदाच खेळला.

अर्थात लेव्हरच्या काळी चारपैकी तीन स्पर्धा गवतावर व्हायच्या, हेही खरं. आज तीन वेगळ्या पृष्ठभागांवर जिंकावं लागतं आणि ते मला जास्त अवघड वाटतं.

जाणकारांनी सांगा, आकड्यांऐवजी काय धरावं? समकालीनांवरचं वर्चस्व? आणि लाकडी रॅकेटच्या काळातले कोणते सामने पूर्ण बघावेत? बालेवाडीत एटीपीचं (पुरुषांच्या व्यावसायिक दौऱ्याचं) टेनिस बघून वाढलेल्या या मुलांना तो खेळ मला मनापासून दाखवायचा आहे.